लाल धागा तुटला नव्हता

१

शुक्रवारी सकाळी भनपुरीच्या त्या कारखान्यात सगळ्यांच्या देखत पॅनेलचा लाल धागा कापला, दार उघडलं, आणि आत जे असायला पाहिजे तेच निघालं. एक स्क्रू हललेला नाही, एक तार बदललेली नाही. तरी आदल्या दुपारी त्याच पॅनेलनं तीन तासांत मान टाकली होती. आत काही गडबड निघाली असती तर बरं झालं असतं. ती निघाली नाही, म्हणून एका पोरीवर खोटारडेपणाचा शिक्का बसला.

मला हे चारुदत्तनं फोनवर सांगितलं. चारुदत्त कारखान्याचा मालक. त्याची आई माझी मैत्रीण, म्हणून मी त्याची विजयामावशी. रेल्वेच्या लोको शेडात, टेस्ट रूममध्ये मी चौतीस वर्षं काढली. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण चौबे कॉलनीत कोणाचा इन्व्हर्टर रुसला तरी लोक माझीच बेल वाजवतात, आणि मी कुरकुरत जाते. चारुदत्तला मी सरळ विचारलं, की तुझ्याकडे दिवाकरभाऊंसारखा जुना जाणकार माणूस असताना मले काहून बोलावून राहिला? तो म्हणाला, दिवाकरकाकांनीच निकाल दिला आहे. पण पॅनेल डिझाइन करणारी गंधाली भांडत नाही, रडत नाही, नुसती बसून आहे, आणि ते त्याला बघवत नव्हतं.

वेळही थोडा होता. एका रोलिंग मिलला बारा कन्व्हर्टर पॅनेल पाहिजे होती आणि मिलचे लोक शनिवारी चार वाजता येणार होते. गंधालीचे आकडे चारुदत्तनं त्यांना आधीच पाठवले होते. आता ते आकडे खोटे होते असं त्याला त्यांच्या तोंडावर सांगावं लागणार होतं. रायपुरात या धंद्यातली माणसं मोजकी, सगळे सगळ्यांना ओळखतात. असं एकदा बोललं गेलं, की त्या पोरीला इथं कोणी दारात उभं केलं नसतं.

मी पायात चपला घातल्या आणि ऑटो बोलावला.

२

गंधाली सत्तावीस वर्षांची. घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात, मराठी सगळी समजते, पण उत्तर निम्मं हिंदीत येतं. तिच्या टेबलावर राजीनामा लिहून ठेवलेला होता. तो मी उचलून तिच्याच ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हटलं, आधी काय झालं ते नीट सांग.

तिनं सांगितलं ते असं. कन्व्हर्टर म्हणजे वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून पाहिजे तशी करणारं यंत्र. ही तोडजोड मॉड्यूलमधला सिलिकॉन करतो. पण दर तोडीला तो थोडा तापतो, म्हणून दिवाकरभाऊ त्याला सेकंदाला सहा हजारांच्या वर नेत नाहीत. सिलिकॉन कार्बाइड तेच काम झटक्यात करतो आणि कमी तापतो, म्हणून गंधालीनं आपलं पॅनेल चाळीस हजारांवर ठेवलं. तोड जितकी बारीक, तितका पुढचा तांब्याचा चोक, म्हणजे तोडलेली वीज सारखी करणारं तारेचं वेटोळं, लहान चालतो. भाजी बारीक चिरली की लहान भांड्यात, थोड्या आचेवर होते, तसंच. माल महाग, पण पॅनेल निम्म्या आकाराचं होतं आणि वीज वाचते.

"और मावशी, ये बिलकुल चुप चलता है," ती म्हणाली. घडीभर तिचा चेहरा उजळला आणि लगेच विझला.

बुधवारी विश्वकर्मा पूजा झाली. या कारखान्यात चारुदत्तच्या वडिलांपासूनची पद्धत आहे, की पूजेच्या दिवशी प्रत्येक पॅनेलच्या दाराला लाल धागा बांधायचा आणि तिसऱ्या दिवशीच सोडायचा. तोवर यंत्र चालवा, पण दार उघडायचं नाही. गुरुवारी दोन्ही पॅनेल धाग्यासकट चालवून बघितली. सकाळी सिलिकॉनचं, ते पास झालं. दुपारी कार्बाइडचं, ते तापून बंद पडलं. नवं डिझाइन करणाऱ्यानं टेस्ट चालू असताना टेस्ट रूममध्ये पाय ठेवायचा नाही हा नियम, म्हणून गंधाली दिवसभर बाहेर होती. बंद पडल्यावर तिनं येऊन दारावरच्या पडद्यावर तोडीचा आकडा बघितला, तो चाळीस हजारच होता. शुक्रवारी धागा कापला तर आत सगळं जागच्या जागी.

"शायद मेरा चोक ही गलत था," ती म्हणाली. मला तिचा रागच आला. स्वतःच्या हिशेबावर एवढ्या लवकर पाणी सोडायचं असतं का?

मी टेस्टचा कागद मागितला. एकूण वाया गेलेल्या विजेच्या ओळीभोवती दिवाकरभाऊंनी लाल गोल केला होता आणि बाकी सगळ्यांनी तेवढा गोलच वाचला होता. मी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं. गुरुवारी चोक गेला होता एकशे अठ्ठेचाळीस अंशांवर. कार्बाइडचं मॉड्यूल मात्र चोपन्नवर निवांत बसलं होतं. गंधालीच्या जुन्या नोंदींत तेच मॉड्यूल एकाहत्तरवर होतं.

म्हणजे ज्याच्यावर सगळा ठपका, त्या मॉड्यूलनं गुरुवारी नेहमीपेक्षा कमी काम केलं होतं. ते कसं काय?

३

टेस्ट रूम विहंगकडे. तिशीतला, हुशार आणि नाकावर राग. गेल्या वर्षी त्याचं स्वतःचं डिझाइन बाजूला सारून चारुदत्तनं गंधालीचं हाती घेतलं होतं, तेव्हापासून दोघांचं बोलणं कामापुरतं. तो दोन्ही टेस्टच्या वेळी काचेच्या केबिनमध्ये बसून आकडे उतरवत होता. गुरुवारी आत आणखी कोणी होतं का, विचारलं तर म्हणाला, सिर्फ दिवाकर काका, वो तो हमेशा मशीन के पास ही खड़े रहते हैं. आणि कार्बाइडचं पॅनेल चालताना आवाज कसा होता?

"एकदम सायलेंट," तो म्हणाला.

मग मी प्रेमलाकडे गेले. प्रेमला वीस वर्षांपासून इथं वायरिंग करते. हात इतका साफ की तिची जोडणी उघडावी लागत नाही. धागाही तीच बांधते, आणि गाठ अशी मारते की दुसऱ्याला जमू नये. कापलेला धागा तिनं मला दाखवला. हव, गाठ माझीच, म्हणाली, कोणी सोडली नाही. मी उठायला लागले तशी ती आपणहून बोलली.

"बाई, मले त्यातलं काही समजत नाही, पण सकाळचा पॅनेलचा डबा तरी बरा गात होता. दुपारचा तर असा किंचाळून राहिला होता का दात आंबले माझे. मी तिकडल्या खिडकीखाली जेवाले बसते रोज. जेवणाचा डबा उचलून पिंपळाखाली गेली."

मी पुन्हा खाली बसले.

गाणारी यंत्रं मला नवी नाहीत. शेडात इंजिन सुटताना सूर काढायचं, तो सेकंदाला होणाऱ्या तोडीचाच सूर. सहा हजार वेळा तोडलं तर कानाला टोचणारी शिट्टी ऐकू येते. चाळीस हजार माणसाच्या कानापलीकडे. म्हणून कार्बाइडचं पॅनेल गप्प चालतं. ते जर किंचाळत होतं, तर गुरुवारी ते चाळीसवर नव्हतंच. कोणीतरी त्याला सिलिकॉनच्या सहावर आणून ठेवलं होतं. मॉड्यूलला काम कमी, म्हणून ते गार. आणि बारीक तोडीसाठी बेतलेल्या लहान चोकच्या वाट्याला आले मोठमोठे घास. तो तापला, ओरडला आणि पॅनेल बंद पडलं. यासाठी दार उघडायची गरज नव्हती. आकडा बाहेरून, दारावरच्या बटणांनी बदलतो. धागा शाबूतच राहणार.

बटणं दाबायच्या आधी एक गुप्त नंबर टाकावा लागतो. तो गंधालीला, विहंगला आणि दिवाकरभाऊंना, तिघांनाच माहीत. गंधाली आत गेलीच नव्हती, आणि स्वतःच्या पायावर कोण धोंडा मारून घेतो?

मी विहंगच्या केबिनमध्ये परत गेले आणि त्याला म्हटलं, की खिडकीबाहेरच्या बाईचे दात आंबले आणि तुला आत बसून सायलेंट वाटलं, तू खोटं बोलतोस.

त्याचा चेहरा उतरला. खिशात हात घालून त्यानं कानात घालायची दोन पांढरी बोंडकं टेबलावर ठेवली. भारताची मॅच होती. दुपारभर तो कॉमेंट्री ऐकत होता, नजर आकड्यांवर आणि कान मॅचमध्ये. पॅनेल बंद पडल्याचा लाल दिवासुद्धा त्याला मिनिटभर उशिरा दिसला. ते पॅनेल नेहमी सायलेंट असतं म्हणून सायलेंट सांगून टाकलं होतं. मग तो मालकाला सांगू नका एवढंच म्हणत राहिला.

खरं सांगत होता की आणखी एक थर खोटं, ते मला त्या घडीला कळेना.

४

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी मी दिवाकरभाऊंकडे गेले. आमच्याच कॉलनीत, दोन गल्ल्या सोडून घर. फाटकावर मधुमालतीचा वेल आहे. त्यात रातकिड्यांनी इतका गोंगाट मांडला होता, की फाटकाची कडी वाजलेलीही मला ऐकू आली नाही. दिवाकरभाऊ व्हरांड्यात आरामखुर्चीत. वय एकाहत्तर, मूळचे अमरावतीकडचे. तरुणपणी वीस वर्षं मिलमधल्या लोखंड लाटणाऱ्या रोलशेजारी, त्या गोंगाटात उभे राहिले, मग चारुदत्तच्या वडिलांसोबत हा कारखाना काढला. भनपुरीत बनलेला पहिला कन्व्हर्टर त्यांच्या हातचा. शांतावहिनींनी चहा आणून दिला आणि आत गेल्या.

मी विचारलं ते त्यांनी सगळं सांगितलं, काही आडपडदा नाही. गुरुवारी तिन्ही तास आपण कार्बाइडच्या पॅनेलला हात लागेल इतके जवळ होतो, म्हणाले. आवाज? पंख्याचा तेवढा. बाकी गुपचूप चालून राहिला होता. गंधालीबद्दल वाकडा शब्द काढला नाही. पोट्टी हुशार आहे, पण घाई फार, एवढंच.

मग सिलिकॉनचा विषय निघाला आणि त्यांचा आवाज मऊ झाला. मिलमध्ये धूळ असते, लोखंडाचा कीस असतो, कधी ना कधी शॉर्ट होतोच. तसं झालं तर सिलिकॉन सेकंदाचा लाखावा भाग तग धरतो आणि तेवढ्यात त्याला बंद करता येतं. कार्बाइड त्याच्या चौथाईतच फुटतो.

"सिलिकॉन माणसाले एक चूक माफ करते, विजयाताई," ते म्हणाले. "हा नवा नाही करत."

हे मला खोटं म्हणता आलं नाही, कारण खोटं नव्हतंच. अंधारायला लागलं होतं. बागेकडे बघत ते सहज म्हणाले, पहिले या वेळेला इथं रातकिडे किती ओरडत. राजधानी झाली, रस्ते रुंद केले, झाडं गेली, आता एक रातकिडा ऐकू येत नाही. मी सवयीनं हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसांना गाव बदललं की असं वाटतंच.

चहाचा कप ठेवून मी निघाले. फाटकाशी आले आणि माझा हात कडीवरच राहिला. वेलात रातकिडे कानठळ्या बसतील असे ओरडत होते.

५

त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही. दिवाकरभाऊंनीच मला शेडातली नोकरी लागायच्या आधी सर्किट वाचायला शिकवलं होतं. चुकीचा माणूस धरला तर पाप, आणि नाही धरला तर पोरीचं आयुष्य जातं. पण पुन्हा पुन्हा विचार केला तरी एकच निघत होतं. विहंगला पॅनेल पाडायचं असतं तर त्यानं सहाचा आकडा टाकलाच नसता. तो टाकला की पॅनेल भोंगा होऊन सगळ्या कारखान्याला सांगत सुटतं, हे या धंद्यातल्या प्रत्येक कानवाल्याला माहीत आहे. त्या दिवशी बाहेरच्या लोकांनी लक्ष दिलं नाही आणि विहंगच्या कानात मॅच होती, हे आधी कोणाला ठाऊक असणार? इतका उघडा मार्ग तोच धरतो, ज्याला तो आवाज येतच नाही. वयानं आणि मिलच्या गोंगाटानं कानातले बारीक सूर आधी जातात, बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून त्या माणसाला ते कळतही नाही.

शनिवारी दहा वाजता मी गंधालीला टेस्ट रूममध्ये नेलं आणि तिच्याकडून कार्बाइडचं पॅनेल सहावर लावून घेतलं. शिट्टी सुरू झाली तशी ती पांढरीफटक पडली. तिला सगळं एका क्षणात समजलं. मी तिला बाहेर पाठवलं, दारावरच्या आकड्यावर माझा रुमाल टाकला आणि दिवाकरभाऊंना बोलावलं. चारुदत्तला मुद्दाम बोलावलं नाही.

ते आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. आवाजानं माझं कपाळ ठणकत होतं.

"दिवाकरभाऊ, हे आत्ता कितीवर चालू आहे?"

त्यांनी मान तिरकी करून ऐकलं, पॅनेलवर हात ठेवला.

"चाळीसवर. कसा गप आहे, ऐका ना."

मी रुमाल काढला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा आकडा वाचला. मग हळूच स्टुलावर बसले. मी पॅनेल बंद केलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, की बंद झालेलंही त्यांना फक्त पंख्यावरून समजलं.

"आवाज होत होता?" त्यांनी विचारलं. "सगळ्यांले येत होता?"

"हो," मी म्हटलं. "खिडकीबाहेरच्या प्रेमलालासुद्धा."

त्यांनी काही नाकारलं नाही. विहंग केबिनमध्ये गेल्यावर आकडा सहावर आणला, पॅनेल बंद पडताच परत चाळीसवर नेला. मिलमध्ये असताना एकदा पॅनेल फुटलं होतं आणि त्यांच्या जोडीदाराचे दोन्ही हात जळले होते. ते हात ते चाळीस वर्षं विसरले नव्हते. कार्बाइड मिलमध्ये फुटण्यापेक्षा इथं नापास झालेला बरा, असं त्यांना वाटलं. मी विचारलं, की ही भीती तोंडानं का नाही सांगितली? म्हातारा नवीन पाहून घाबरला असं म्हटलं असतं लोकांनी, ते म्हणाले.

मला इतका संताप आला की माझा आवाज चढला.

"म्हणू द्यायचं होतं! तुमच्या भीतीपायी त्या पोरीचं नाव काहून जाळलं? राजीनामा लिहून बसली आहे ती. स्वतःचाच हिशेब खोटा धरून."

"मले वाटलं पॅनेल नापास होईन," ते म्हणाले. "पोट्टी खोटी ठरेल हे ध्यानातच नाही आलं, ताई."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. तरी मी सांगितलं, की चार वाजेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. चार वाजून एक मिनिटानं उघडेन. ते उठले आणि बाहेर गेले. फाटकावरच्या माणसानं सांगितलं, की काका ऑटोत बसून निघून गेले.

६

पावणेचारला मिलचे दोघं आले. चारुदत्तच्या केबिनमध्ये पाणी, चहा झालं. गंधाली कोपऱ्यात ताठ बसली होती, मांडीवर तो राजीनाम्याचा लिफाफा. सकाळी काय कळलं ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. दिवाकरभाऊंची खुर्ची रिकामी होती. चारुदत्तनं घसा साफ केला आणि म्हणाला, कार्बाइडच्या आकड्यांबद्दल मला एक खुलासा करायचा आहे. मी खुर्चीतून अर्धी उठले.

तेवढ्यात दार उघडलं. दिवाकरभाऊ सणाला घालायचा पांढरा शर्ट घालून आले होते. बसले नाहीत. मिलवाल्यांसमोर, मालकासमोर, उभ्यानंच म्हणाले, की गुरुवारची टेस्ट मी बिघडवली. आकडा मी बदलला, या मुलीचे आकडे खरे आहेत. कसं आणि काहून ते सगळं सांगितलं, कानांचं सुद्धा. मग गंधालीकडे वळून दोन्ही हात जोडले. तिनं हात जोडले नाहीत. लिफाफा मधोमध फाडून पर्समध्ये ठेवला.

सोमवारी मिलवाल्यांच्या देखत टेस्ट पुन्हा झाली. सहा तास पॅनेल चाललं आणि पंख्याशिवाय काही ऐकू आलं नाही. आकडे गंधालीनं आधी दिले होते तेच आले. तरी मिलवाल्यांनी दिवाकरभाऊंची भीती हसण्यावारी नेली नाही. चार पॅनेल कार्बाइडची घेऊ, म्हणाले, पण शॉर्ट झाल्यावर ते वेळेत बंद होतं हे आधी दाखवा. बाकीची आठ सिलिकॉनची. चारुदत्तनं दिवाकरभाऊंना कामावरून मोकळं केलं, पण कसलाही समारंभ केला नाही, आणि त्यांनीही मागितला नाही. विहंगला दम मिळाला. प्रेमलाचा धागा आता बटणांवरूनही जातो.

पंधरा दिवस गंधाली त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मीही विषय काढला नाही. सोळाव्या दिवशी संध्याकाळी माझ्या दारात आली, हातात गुंडाळलेला मोठा कागद. शॉर्ट झाल्यावर कार्बाइड कसा बंद करायचा त्याचं सर्किट होतं, आणि एका जागी अडलं होतं. काका के घर चलोगी क्या मेरे साथ, असं तिनं जमिनीकडे बघत विचारलं.

व्हरांड्यात शांतावहिनींनी दिवा लावला. दिवाकरभाऊंनी कागद मांडीवर पसरला, पेन्सिल घेतली आणि एका वायरवर बोट ठेवून विचारलं, इथं सिग्नल उशिरा काहून येऊन राहिला? मग दोघं तासभर बोलत होते, आधी जपून, नंतर वाद घालत. मी कंटाळून सुपारी कातरत बसले. अंधार पडला तशी त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी फाटकाकडे बघितलं.

"गंधाली, रातकिडे आहेत का गं आता?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग तिनंही वेलाकडे कान दिला, चांगला वेळ दिला.

"हाँ काका," ती म्हणाली. "बहुत हैं."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कागदावर वाकले.

"बरं. कुठवर आलो होतो आपण?"